हृदयाच्या ऑपरेशननंतर रक्त गाळलं, पण किडनी कुठे वाचली? मालवण किनाऱ्यावरचं एक प्रकरण

रुग्ण मालवण तालुक्यातला, वय 61, वजन 64 किलो. आयुष्यभर ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख. बारा वर्षांचा मधुमेह, रक्तदाब, आणि दोन्ही गुडघे झिजलेले. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. औषधोपचाराचा क्रम आणि तपासण्यांचे आकडे मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत. मी किनाऱ्यावर फिजिशियन म्हणून काम करतो. ऑपरेशन घाटावरच्या एका रुग्णालयात झालं. तिथल्या अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांशी रोज फोनवर बोलणं होत होतं आणि नंतर सगळे कागद माझ्याकडे आले. त्यामुळे मधला भाग त्या कागदांवरून लिहिला आहे, आधीचा आणि नंतरचा माझ्या समोर घडलेला.

ऑगस्टमध्ये मासेमारीची बंदी उठली आणि पहिल्याच फेऱ्यांत जाळं ओढताना तांडेलांच्या छातीत दाटून आलं. ईसीजी बिघडलेला, इकोमध्ये हृदयाची पंप करण्याची क्षमता 35 टक्के, मायट्रल झडप बऱ्यापैकी गळत होती. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी मंदावली की रक्तात साठणारा कचरा, 1.6. वय आणि लिंग धरून हिशेब केला तर किडनीचं काम मिनिटाला साधारण 48 मिलिलिटर, म्हणजे निम्म्यावर आलेलं. लघवीत प्रथिनंही जात होती. मधुमेहामुळे हे व्हायचंच, पण जोडीला एक गोष्ट होती जी इथे घरोघरी सापडते: मेडिकलमधून आणलेली 'गुडघ्याची गोळी'. हंगामात रोज दोन, कधी तीन. गोळीचं नाव त्यांना माहीत नव्हतं. रिकामी पाकिटं मागवली तेव्हा डायक्लोफेनॅक निघालं, किडनीला दुखावणारं वेदनाशामक.

अँजिओग्राफीत तिन्ही धमन्यांत अडथळे निघाले. बायपास आणि झडपेची दुरुस्ती एकत्र करायचं ठरलं. म्हणजे हृदय-फुप्फुस मशीनवरचा वेळ लांबणार, आणि अशा रुग्णात किडनी दुखावण्याची शक्यता चांगलीच वाढते. हृदयाच्या ऑपरेशननंतर पाव ते एक तृतीयांश रुग्णांच्या किडनीला कमी-जास्त इजा होते. डायलिसिसपर्यंत वेळ येते ती शंभरातल्या मोजक्यांवर, पण त्या मोजक्यांतले बरेच जण दगावतात. आमच्या रुग्णाकडे जोखमीची जवळजवळ सगळी कारणं होती: आधीच अर्धी किडनी, मधुमेह, कमजोर हृदय, लांबणारं ऑपरेशन.

इथे गणपती मदतीला आले. शल्यविशारदांनी चार दिवसांनंतरची तारीख दिली होती. थोरला मुलगा म्हणाला, घरात गणपती बसणार, त्या दिवसांत बाबांना ऑपरेशनला कसं पाठवायचं? एरवी अशा मागणीवर मी वाद घालतो. या वेळी घातला नाही. अँजिओग्राफीच्या डायनंतर (धमन्या दिसाव्यात म्हणून टोचलेल्या द्रव्यानंतर) क्रिएटिनिन 1.9 वर गेलं होतं. डायचा आणि ऑपरेशनचा, असे दोन धक्के लागोपाठ बसू नयेत म्हणून थांबावं की नाही, यावर अभ्यासांचं एकमत नाही. पण रुग्ण विश्रांतीत स्थिर होता, छातीत दुखणं थांबलं होतं, थांबण्यात तोटा नव्हता. दहा दिवसांत क्रिएटिनिन परत 1.6 वर आलं. डायक्लोफेनॅक बंद केलंच होतं. ऑपरेशनआधी मधुमेहाचं मेटफॉर्मिन थांबवलं, रक्तदाबाचं टेल्मिसार्टन दोन दिवस आधीपासून बंद ठेवलं. या प्रकरणात किडनी वाचवण्यासाठी झालेलं सगळ्यात स्वस्त काम हेच, आणि त्याचं बिल कुठेच लागलं नाही.

फिल्टर आधीच लावायचा का?

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी धाकट्या मुलाने मला मोबाइलवर आलेला एक मजकूर दाखवला. ऑपरेशन चालू असतानाच रक्त गाळणारा खास फिल्टर जोडला तर किडनी वाचते, असा त्यात दावा होता. तो अगदीच बिनबुडाचा नव्हता. स्पेनमधल्या दोन रुग्णालयांत झालेला एक अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 343 रुग्ण होते. हृदय-फुप्फुस मशीन चालू असताना त्याच्या सर्किटमध्ये दाहकारक द्रव्यं शोषून घेणारा फिल्टर ज्यांना जोडला, त्यांच्यात किडनीची इजा 28.4 टक्क्यांना झाली. न जोडलेल्यांत 39.7 टक्क्यांना. फरक दुर्लक्ष करण्यासारखा नाही. पण बाकीच्या बहुतेक निकषांवर दोन्ही गट सारखेच राहिले. त्याच वर्षी अमिनो आम्लांच्या सलाइनचा 3511 रुग्णांवरचा अभ्यासही आला, त्यातही किडनीची इजा कमी दिसली: 26.9 विरुद्ध 31.7 टक्के. म्हणजे दारं उघडत आहेत, पण फिल्टर न लावणं म्हणजे हलगर्जीपणा, असं म्हणायची वेळ अजून आलेली नाही. त्या रुग्णालयात तो फिल्टर उपलब्ध नव्हता, त्यामुळे निर्णयाचा प्रश्नच उरला नाही. मुलाला मी एवढंच सांगितलं की तुमच्या बाबांची किडनी ऑपरेशनच्या रात्री रक्तदाब किती राहतो यावर जास्त अवलंबून आहे.

हृदय-फुप्फुस मशीनवर 162 मिनिटं गेली. वाढलेलं पाणी काढण्यासाठी सर्किटमध्ये साधा हिमोफिल्टर वापरला होता, तो नेहमीचा प्रकार. तेवढ्यावर भागवलं हे चांगलं झालं. या टप्प्यावर हावरटासारखं पाणी ओढलं तर किडनीला उलट त्रास होतो असं काही निरीक्षणांत आलेलं आहे.

पहिले साठ तास

पहिल्या रात्री हृदयाने साथ दिली नाही. नॉरअ‍ॅड्रेनलिन आणि डोब्युटामिन या दाब आणि हृदय सावरणाऱ्या औषधांवर सरासरी रक्तदाब कसाबसा 65 ला टेकत होता. वरचा दाब 150 असण्याची सवय असलेल्या किडनीला सरासरी 65 पुरतात का, हा प्रश्न मी फोनवर विचारला. तिथल्या भूलतज्ज्ञांनीही तोच विचार करून नंतर 75 चं लक्ष्य ठेवलं. लघवी तासाला 20 मिलिलिटर. दुसऱ्या दिवशी सकाळी क्रिएटिनिन 2.3, तिसऱ्या दिवशी 3.4. पोटॅशियम 5.4.

मग फुरोसेमाइडची, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या औषधाची चाचणी झाली. वजनाच्या हिशेबाने एकदाच मोठा डोस शिरेतून द्यायचा आणि दोन तास लघवी मोजायची. दोनशे मिलिलिटरच्या वर गेली तर किडनीच्या नळ्या अजून काम करताहेत. तांडेलांना 96 मिलिग्रॅम दिलं, दोन तासांत 90 मिलिलिटर लघवी झाली. नापास.

त्या दुपारी डायलिसिसच्या मशीनबद्दल थोरल्याचा फोन आला. "डॉक्टरांनू, आता मशीन लावली तर किडनी वाचतली ना? मगे थांबतत कित्याक?" मागून आईचा आवाज येत होता: "एकदा मशीन लागली काय मगे ती सुटना नाय." एकाच घरात दोन टोकांची मतं, आणि दोन्हींना अनुभवाचा आधार. वाडीतला एक जण लेप्टोस्पायरोसिसने किडनी बंद पडून डायलिसिसवर गेला होता आणि पंधरा दिवसांत चालत घरी आला होता. आणि काकींचा, म्हणजे या आईचा, सख्खा भाऊ मधुमेहाने डायलिसिसवर बसला तो शेवटपर्यंत. सिंधुदुर्गात 'किडनी बंद पडली' म्हटलं की माणसं यांपैकी एक चित्र डोळ्यासमोर आणतात. आमचं प्रकरण दोन्हींपेक्षा वेगळं होतं. लेप्टोत बऱ्याचदा लघवी चालू राहते, पोटॅशियम कमी असतं, आणि किडनी तरुण, धडधाकट असते. इथे किडनी आधीच थकलेली, लघवी जवळजवळ बंद आणि पोटॅशियम वर चाललेलं.

थोरल्याच्या प्रश्नाचं उत्तर अभ्यासांत आहे, पण ते सरळ नाही. 2016 मध्ये जर्मनीतल्या म्युन्स्टरमधून 231 रुग्णांचा अभ्यास आला. त्यातले बरेच जण हृदयाच्या ऑपरेशननंतरचे होते. लवकर रक्त गाळायला सुरुवात केलेल्यांत 90 दिवसांतले मृत्यू 39.3 टक्के, उशिरा केलेल्यांत 54.7. त्या आकड्यांनी आम्ही सगळेच भारावलो होतो. मग 2020 मध्ये पंधरा देशांतला जवळजवळ तीन हजार रुग्णांचा अभ्यास आला आणि चित्र उलटं झालं. लवकर आणि थांबून, दोन्हींत मृत्यू सारखेच, 44 टक्क्यांच्या आसपास. थांबलेल्या गटातल्या दर दहांपैकी जवळजवळ चौघांना मशीन लागलंच नाही. आणि जगलेल्यांपैकी 90 दिवसांनंतरही डायलिसिसवर अडकून राहिलेले लवकरच्या गटात 10.4 टक्के, थांबलेल्यांत 6 टक्के. काकींची भीती अगदीच अडाणी नव्हती तर. फार लवकर लावलेलं मशीन काही जणांची किडनी परत येण्याच्या आड येतं. मात्र अमर्याद थांबण्यातही शहाणपण नाही; 2021 च्या फ्रेंच अभ्यासात जास्तच थांबलेल्यांचा फायदा तर झाला नाहीच, उलट नुकसानीची शंका आली.

म्हणून क्रिएटिनिनकडे न बघता तीन गोष्टींकडे बघायचं ठरलं: पोटॅशियम 6 च्या वर, रक्ताचा सामू (pH) घसरून 7.2 च्या आसपास, किंवा अंगातल्या पाण्यामुळे ऑक्सिजनची गरज वाढणं. रात्री अकराच्या सुमारास तिन्ही एकदम जमलं. पोटॅशियम 6.1, सामू 7.21, आत गेलेलं पाणी बाहेर पडलेल्यापेक्षा साडेपाच लिटर जास्त, व्हेंटिलेटरवर ऑक्सिजन 60 टक्के. मशीन लावलं. थोरल्याला मी तेव्हा सांगितलं ते इथेही लिहितो: हे किडनी वाचवायला लावलेलं नाही, किडनी बंद असताना हृदय आणि फुप्फुसं बुडू नयेत म्हणून लावलंय.

सावकाश गाळण

नेहमीचं डायलिसिस चार तासांत उरकतं. हृदय 35 टक्क्यांवर आणि दोन औषधांच्या टेकूवर उभं असताना चार तासांत दोन-तीन लिटर पाणी ओढलं तर दाब कोसळतो, आणि प्रत्येक कोसळण्याबरोबर सावरू पाहणाऱ्या किडनीला नवा मार बसतो. म्हणून चोवीस तास चालणारं सावकाश गाळण निवडलं. ही पद्धत 1977 मध्ये जर्मनीतल्या गटिंगनमध्ये पेटर क्रामर यांनी सुरू केली. तेव्हा पंपही नव्हता, रुग्णाच्या धमनीतला दाबच रक्त फिल्टरमधून ढकलायचा. आता पंप मिनिटाला 150 मिलिलिटर रक्त ओढतो. फिल्टरच्या पडद्यातून पाणी, युरिया, क्रिएटिनिन, पोटॅशियम पार होतात; रक्तपेशी आणि अल्ब्युमिन हे प्रथिन मागे राहतात. थोरल्याला हे समजवायला वेळ लागला नाही. ठरावीक आसाच्या (भोकाच्या मापाच्या) जाळ्यातून काय निसटतं आणि काय अडकतं, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

गाळणाचं प्रमाण किलोमागे तासाला 25 मिलिलिटर ठेवलं, म्हणजे 1600 मिलिलिटर. 'जास्त गाळलं तर जास्त साफ' हा समज 2008 आणि 2009 च्या दोन मोठ्या अभ्यासांनी मोडीत काढला आहे. फ्रान्समध्ये खास हृदयाच्या ऑपरेशननंतर शॉकमध्ये गेलेल्या 224 रुग्णांवर खूप मोठ्या प्रमाणात गाळून पाहिलं, मृत्यू कमी झाले नाहीत. अंगातून निव्वळ पाणी मात्र तासाला फक्त 100 मिलिलिटर काढायचं ठरलं. उजव्या जांघेतल्या शिरेत कॅथेटर, कारण मानेची उजवी बाजू आधीच दुसऱ्या नळ्यांनी अडवलेली आणि डाव्या पायातून बायपाससाठी शीर काढलेली. छातीच्या नळ्यांतून अजून रक्त येत असल्यामुळे रक्त गोठू नये म्हणून नेहमीच्या हेपारिनऐवजी सायट्रेट. ते फिल्टरमध्ये शिरतानाच रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, रक्त गोठत नाही, आणि शरीरात कॅल्शियम वेगळं द्यावं लागतं. दर सहा तासांनी तपासणी.

तरीही पहिला फिल्टर सव्वीस तासांत गोठला. जांघेतल्या कॅथेटरला पाय वाकला की अडथळा येतो, अलार्म वाजतो, पंप थांबतो आणि थांबलेलं रक्त गोठतं. दुसरा सेट आणावा लागला. एका सेटचे हजारो रुपये, आणि तो खर्च घरच्यांनीच उचलला. होडीच्या कर्जाचा एक हप्ता त्या महिन्यात चुकला.

दोन गोष्टी तिथल्या नर्सनी पकडल्या म्हणून वाचलो. रक्त बाहेर फिरताना थंड होतं, त्यामुळे ताप दिसत नाही. पाचव्या दिवशी अंग 36.8 होतं, पण पांढऱ्या पेशी वाढलेल्या आणि कफ पिवळा. न्यूमोनिया निघाला. दुसरं, हे मशीन चांगलं-वाईट पाहत नाही; अँटिबायोटिक आणि फॉस्फेटही गाळून टाकतं. किडनी बंद म्हणून सवयीने अँटिबायोटिकचा डोस कमी लिहिला होता, तो वाढवावा लागला.

तीन दिवसांत साडेचार लिटर पाणी निघालं, व्हेंटिलेटर सुटला, औषधांचे टेकू उतरले. त्यानंतर आठ-आठ तासांची सावकाश डायलिसिस तीन वेळा, मग नेहमीची. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी ते फोंडा घाट उतरून घरी आले: मानेत डायलिसिसचं कॅथेटर, लघवी दिवसाला 900 मिलिलिटर, क्रिएटिनिन 4.2. कागदावर एक ओळ: 'आठवड्यातून तीनदा डायलिसिस'.

इकडे आल्यावर

माझ्या मते या प्रकरणाचा खरा भाग इथून सुरू होतो, आणि नेमका याच भागाबद्दल कुणी लिहीत नाही. अतिदक्षता विभागात दर तासाला लघवी मोजली जात होती. इथे डायलिसिस केंद्रात त्यांना बाकीच्यांच्या रांगेतली एक खुर्ची मिळाली. बाकीचे सगळे कायमचे रुग्ण, त्यांना लघवी होतच नाही, दोन डायलिसिसच्या मधे अंगात साठलेलं तीन लिटर पाणी काढावंच लागतं. तांडेलांचंही तेच झालं. प्रत्येक वेळी अडीच लिटर. दुसऱ्याच फेरीत वरचा दाब 84, पायात गोळे, डोळ्यांपुढे अंधारी. चार दिवसांत लघवी 900 वरून 500 वर आली. आणि तिथून निरोप आला की लघवी कमी होतेय, आता हाताला फिस्टुला (कायमच्या डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडण्याचं ऑपरेशन) करून घ्या. तांडेलांनी मला विचारलं, "माका आता कायमचाच ह्या काय?"

केंद्राला दोष द्यायचा मोह होतो, पण तिथला तंत्रज्ञ लिहून दिलेलंच करत होता. कागदावर कुठेच लिहिलं नव्हतं की हा माणूस वेगळा आहे, याची किडनी परत येऊ शकते. अशा इजेनंतर निदान तीन महिने वाट बघायची असते, त्याआधी 'कायमचा' हा शब्द वापरायचा नसतो. फिस्टुलाला मी नाही म्हटलं. दुर्बळ हृदयावर फिस्टुलाचा भारही नको होता.

केंद्राशी बोलून बदल केले. पाणी काढायचं ते आधीच्या वजनाच्या आकड्यावरून नाही, पाय आणि फुप्फुसं तपासून. बहुतेक वेळा अर्धा लिटर, कधी शून्य. डायलिसिसच्या द्रवाचं तापमान 36 च्या थोडं खाली, त्याने दाब टिकतो. त्या दिवशी सकाळची रक्तदाबाची गोळी नाही. आणि घरी लघवी मोजायची. काकींनी पाच लिटरचा तेलाचा कॅन धुऊन त्यावर रेघा मारल्या. इतकी चोख नोंद मी मोठ्या रुग्णालयांतही क्वचित पाहिली आहे.

लघवी 800 झाली, मग 1100, मग 1600. इथे क्रिएटिनिनवर भिस्त ठेवता येत नाही, कारण डायलिसिसनंतर ते मशीनमुळे उतरतं, किडनीमुळे नव्हे. म्हणून दोन डायलिसिसच्या मधल्या 24 तासांची लघवी गोळा करून हिशेब केला: लघवीतलं क्रिएटिनिन 55, रक्तातलं सरासरी 3.4, लघवी 1600. मिनिटाला 18 मिलिलिटर. पंधरा-वीसच्या पुढे गेलं की मशीन थांबवून पाहायला हरकत नसते. आठवड्यातून तीनचं दोनवर, दोनचं एकवर आणि मग बंद. कॅथेटर आणखी दोन आठवडे ठेवलं, मग काढलं.

मधे एकदा गाडी घसरली. पोटॅशियम अचानक 6.2. औषधांत काही सापडेना. चौकशी केल्यावर कळलं, भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा शहाळं घेऊन येतोय आणि आजारी माणसाला ताकद म्हणून रोज दोन शहाळी पोटात जातायत. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं, ते किडनीच्या रुग्णाला देऊ नये हे इथे किनाऱ्यावर पटवणं फार अवघड. मिठाचंही तेच. सुकट आणि खारा बांगडा बंद म्हटल्यावर तांडेलांनी जेवणच सोडण्याची धमकी दिली. शेवटी ताजा मासा, बेताची पेज आणि आठवड्यातून एकदा, नीट धुऊन भिजवलेली सुकट, यावर तडजोड झाली. आहारतज्ज्ञांना ती पसंत पडणार नाही.

ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन 2.1 वर स्थिरावलं. किडनीचं काम मिनिटाला साधारण 35 मिलिलिटर. आधीचे 48 परत आले नाहीत आणि येणारही नाहीत. इकोमध्ये हृदय 45 टक्क्यांवर. टेल्मिसार्टन अगदी कमी डोसात पुन्हा सुरू केलं आणि आठवड्याने पोटॅशियम पाहिलं: 5.0. डोस तिथेच ठेवला. लघवीतल्या प्रथिनांसाठी डापाग्लिफ्लोझिन जोडायचं आहे, पण जखम आणि वजन दोन्ही अजून पूर्ण भरलेली नाहीत, म्हणून पुढच्या भेटीपर्यंत थांबलो आहे.

गुडघे दुखतातच. त्यासाठी पॅरासिटामॉल आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम. वाडीजवळच्या मेडिकलवाल्याला थोरला स्वतः जाऊन सांगून आला आहे की बाबांना 'ती' गोळी द्यायची नाही. ट्रॉलरवर आता थोरला जातो. तांडेल किनाऱ्यावर बसून जाळी शिवतात आणि हंगाम कसा चाललाय यावर त्याच्याशी भांडतात.